इझाबेलमावशीची बाव

"दोरी हाताला गुंडाळू नको बाय, तोल जाईल! नुसती धर. घागर भरली का हाताला आपसूक कळतं."

भुईगावच्या केळीच्या वाडीतली इझाबेलमावशीची ती बाव, आणि काठावर उभी राहून शिकवणारी मावशी. सुहासिनीने त्याआधी जन्मात विहिरीचं पाणी शेंदलं नव्हतं. माणिकपूरच्या नव्या इमारतींना तेव्हा टँकरचं पाणी यायचं, आणि ते या गावांच्याच विहिरी उपसून. विहिरी खारट होऊ लागल्या तसे गावकरी टँकरपुढे आडवे पडले. मावशीचा नेल्सन त्यांत सर्वांत पुढे.

सुहासिनीचं व्रत असं, की शंकराच्या पिंडीवर ताजं पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. टँकर बंद पडले तेव्हा ती कळशी घेऊन, दारावर केळी विकायला येणाऱ्या या मावशीकडे, एसटीने भुईगावला आली होती, शरमत. मावशी म्हणाली, "टँकरला पानी नाय. देवाला हाय. ये रोज."

निघताना सुहासिनी बोलून गेली होती, "मावशी, तुमच्यावर कधी वेळ आली, तर माझ्या घरचं पाणी आधी तुमचं."

मावशी खदखदून हसली. "माझी बाव आटाची नाय गो!"

बाव आटली नाही, खारी झाली. तिकडे धामणीच्या धरणात अडवलेली सूर्या नदी डोंगरांआडून नळाने शहरात आली. सुहासिनीने नळाला हळदकुंकू वाहिलं, आणि पाण्याचा घोर लोक विसरून गेले.

यंदाच्या वैशाखात मात्र वाटेत कुठेतरी मोठा नळ फुटला. शहर कोरडं, त्याच नळावरचं गाव कोरडं, दुकानांतले पाण्याचे जारही संपले. सोसायटीच्या टाकीत तळाशी राहिलेलं पाणी घरटी एक हंडा वाटायचं ठरलं. टाकीची किल्ली सेक्रेटरीकडे, म्हणजे सुहासिनीच्या नवऱ्याकडे, शांतारामकडे. गेटबाहेर थेंब जाणार नाही, हा नियमही त्याचाच.

दुपारी हंड्यांची रांग लागलेली असतानाच गेटवर मावशीची सून, नेल्सनची बायको फ्लोरा आली. हातात डबा.

"मायला कावीळ झालीय. बावीचं पानी पोटात ठरत नाय, ओकून टाकते. डॉक्टर म्हणतात गोडं पानी उकळून द्या. डबाभर द्या, बस."

"टँकर अडवलेत तेव्हा आमची पोरं तहानलेली नव्हती वाटतं?" आशालता रांगेतूनच कडाडली.

"नेल्सनला म्हणावं, आता इथे गेटसमोर आडवा पड!" रमेशने री ओढली. दोघंतिघं हसले.

शांताराम चष्मा पुसत म्हणाला, "फ्लोराबाई, एकाला दिलं तर उद्या आख्खं गाव येईल."

"आमची बाव कोनी उपसली, ते तरी आठवा," फ्लोरा म्हणाली आणि वळली.

सुहासिनीने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिचा हंडा भरला, आणि ती तो उचलायला वाकली.

घरी येऊन तिने तांब्या भरला, पिंडीपुढे बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तांब्या कलता केला आणि हात तिथेच थांबला. खारं पाणी ओकणारी मावशी डोळ्यांसमोरून हलेना.

'देवा, आज तुला कोरडंच ठेवते,' ती पुटपुटली. तांब्या हंड्यात परत ओतला, पिंडीवर नुसतं बेलाचं पान ठेवलं. कुकरपुरतं पाणी पातेल्यात काढलं, बाकीचं कळशीत ओतून कळशीच्या तोंडाला फडकं बांधलं.

शांताराम दारात उभा. "कुठे?"

"भुईगावला."

"खाली सगळे उभे आहेत, सुहास! सेक्रेटरीची बायको पाणी बाहेर नेते म्हणतील. काय उत्तर देऊ मी?"

"आपल्या वाटणीचं नेते म्हणून सांगा."

"अगं, तू अजून जेवलेली नाहीस. पिंडीवर तरी घातलंस का?"

तिने मान हलवली. नाही. त्याने देव्हाऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ती पिंडी कोरडी त्याने कधी पाहिली नव्हती. तो दारातून बाजूला सरला.

सुहासिनीने पदर खोचला, कळशी कमरेवर घेतली आणि जिना उतरायला लागली. खाली आशालताचा आवाज अजून चढलेलाच होता.