बुडाशी उडालेला टवका

मित्रांनो, मागच्या अंगणात नळाच्या डाव्या हाताला पुदिन्याची एक कुंडी दिसते ना, ती खरे तर कुंडी नाही. तो मी आहे, कापड रंगवायचा एक जुना टोप. बाहेरून पांढरा, काठाला निळी रेघ, दोन बाजूंना दोन कान. माझी गोष्ट सांगायची तर मान खाली घालून सांगावी लागेल, आणि टोपाला मान नसते, म्हणून आहे तसाच बसून सांगतो. मधे हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाचा पत्रा ठोकून मला आकार दिला, मग वरून काचेसारखा पांढरा लेप चढवला आणि भट्टीत भाजून काढले. म्हणजे आत लोखंड आणि अंगावर काच. दुकानात माझ्या शेजारी बसलेली तवे-कढई मंडळी काळीकुट्ट होती. मी त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचो. आपणही आतून त्यांचेच भाऊबंद आहोत, हे मी साफ विसरलो होतो.

मला ज्या घरात आणले, तिथे दोन भाऊ आणि त्यांच्या दोन बायका एकत्र राहत होत्या. थोरली आणि धाकटी. थोरलीला कापड रंगवायची हौस होती. डाळिंबाच्या साली, कांद्याची टरफले, झेंडूची वाळलेली फुले, असले काहीबाही ती डब्यांत भरून ठेवायची. धाकटी शिवणकामात तरबेज होती, पण स्वभावाने विसरभोळी. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिने दोनदा दूध उतू घालवले आणि एकदा स्वतःला बाहेर ठेवून दाराला कुलूप लावले. किल्ली अर्थात आत होती. थोरली काटेकोर, धाकटी अशी. सुरुवातीला दोघींचे विळ्याभोपळ्याचे सख्य होते.

एकदा थोरलीने रंगवलेल्या कापडाची एक चिंधोटी उरली होती. धाकटीने न विचारता ती उचलली, आतून अस्तर लावून तिचा छोटा बटवा शिवला आणि काही न बोलता स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून ठेवला. थोरलीने तो काढला, उलटा केला, आतली शिलाई खिडकीपाशी नेऊन पाहिली.

"टाके बरे आहेत गं तुझे," ती म्हणाली.

थोरलीच्या तोंडून 'बरे' म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तोंडून झालेली आरतीच. त्या दिवसापासून मागच्या खोलीत दोघींचे काम सुरू झाले. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि तिच्यावर मी, दुसऱ्या कोपऱ्यात शिलाई मशीन. मी रंगवायचो, मशीन शिवायचे. पिशव्या, उशांचे अभ्रे, स्वयंपाकाचे एप्रन, बाळांची झबली-टोपडी. शेजारपाजारचे लोक यायचे, अभ्रा हातात घेऊन म्हणायचे, "काय पिवळा आलाय हो!" दोघी हसायच्या, आणि शेगडीवर मी फुगायचो. जणू रंग मीच दिला होता.

थोरलीचे नियम कडक होते. रंग पक्का बसण्यासाठी सुती कापड आदल्या दिवशी तुरटीच्या पाण्यात भिजवायचे, हा पहिला. पिवळ्या रंगाजवळ लोखंडाची टाचणीसुद्धा येऊ द्यायची नाही, हा दुसरा. "डाळिंबाच्या सालीला लोखंड लागलं की संपलं," ती सांगायची, "पिवळ्याचं काळं होतं." आणि तिसरा नियम माझ्या सोयीचा होता. मला आतून काथ्याने घासायचे नाही, नुसते पाण्याने खंगाळायचे, नाहीतर लेपाला चरे पडतात. त्यामुळे माझ्या तळाशी रंगाचा एक तपकिरी थर कायमचा बसला होता.

आणि मग एका दुपारी ते घडले. थोरली फोन खांद्याने कानाशी दाबून लेकीशी बोलत होती आणि बोलता बोलता मला नळाखाली विसळत होती. नळाची तोटी माझ्या आत, अगदी बुडाच्या वळणाशी, टणकन आपटली. मसुरीच्या दाण्याएवढा टवका उडाला. तिने मला फिरवून बाहेरून पाहिले. बाहेरून मी ठीक होतो. तिने मला पालथे घातले आणि ती पुढचे बोलू लागली.

मला त्या वेळी काय वाटले, ते खरे खरे सांगतो. मला बरे वाटले. टवका तळाशी आहे, थराखाली झाकून जाईल, कोणाला दिसणार नाही, आपला मान जाणार नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. झाकली मूठ सव्वा लाखाची! तुम्ही म्हणाल, टोपाला काय बोलता येते का? नाही येत. पण बोलता येत असते, तरी मी त्या दिवशी बोललो नसतो. म्हणूनच मला त्याची लाज वाटते.

पुढच्या खेपेचे अभ्रे किंचित मळकट आले. थोरली म्हणाली, "या वेळच्या साली जुन्या असतील." मी हुश्श केले. मग तीन आठवडे काम बंद होते आणि माझ्यात पाणी तसेच साठून राहिले. मसुरीच्या दाण्याचा वाटाणा झाला, वाटाण्याचे नाणे झाले आणि त्यावर गंज धरला. वरून तो थरासारखाच तपकिरी दिसत होता.

त्या सुमारास थोरलीच्या लेकीला दिवस गेले होते. थोरलीने कपाटाच्या तळातून एक पांढरी चादर काढली. तिच्या आईची, वर्षानुवर्षे धुवून सायीसारखी मऊ झालेली. आई नव्हती, आईच्या वस्तूंतली तेवढी एक चादर उरली होती. तिची बाळासाठी पिवळी दुपटी आणि झबली करायची, असे ठरले. पणजीची ऊब बाळाला, असे थोरली म्हणत होती. पण नेमके त्याच वेळी लेकीला बरे वाटेना, म्हणून थोरलीला दोन दिवसांसाठी तिच्याकडे जावे लागले.

"रंगवून ठेव गं," ती दारातून म्हणाली. "आणि तुरटी विसरू नकोस. पिशवीचं कापड नाही ते, आईची चादर आहे."

"नाही विसरत, ताई. कपाळावर लिहून ठेवू का?" धाकटी म्हणाली.

तिने कपाळावर लिहिले नाही, पण सबंध दिवस ती "तुरटी, तुरटी" असे पुटपुटत फिरली. झाडताना तुरटी, भाजी चिरताना तुरटी. नवऱ्याने विचारले, "चहा झाला का?" ती म्हणाली, "तुरटी." तो पोट धरून हसला. संध्याकाळी तिने तुरटी तोलून घेतली, गरम पाण्यात विरघळवली, बादलीत ओतली आणि चादर तिच्यात बुडवली. बादली माझ्या समोरच होती. मी हे सगळे पाहिले. या घरात ते पाहणारा मी एकटाच होतो.

सकाळी तिने माझ्यात साली उकळायला ठेवल्या. पाणी आधी छान पिवळे झाले. मग माझ्या बुडाशी गंज सुटू लागला आणि तळातून काळपट धूर निघावा तसा रंग वर चढू लागला. चादर माझ्यात सोडून धाकटी लाकडी दांड्याने ढवळत होती. मधेच थांबली, वाकून बघितले, पण वाफेत तिला काय दिसणार? "वाळल्यावर उजळेल," असे ती स्वतःशीच म्हणाली. चादर बाहेर निघाली तेव्हा ती पिवळी नव्हती. गढूळ, राखी-हिरवट, जागोजागी काळे ओरखडे. तिने ती तीनदा धुतली, पाणी बदलून चौथ्यांदा धुतली. रंग हटला नाही. हा रंग मात्र अगदी पक्का बसला होता.

थोरली परत आली तेव्हा चादर दोरीवर होती.

"तुरटी घातली होतीस?"

"घातली होती, ताई."

"मग हे काय आहे?"

धाकटीचा नवरा वातावरण हलके करायला म्हणाला, "वहिनी, सबंध दिवस तुरटी तुरटीच चाललं होतं हिचं. चहा मागितला तरी तुरटी!" बिचाऱ्याने चांगल्या मनाने सांगितले आणि आगीत तेल ओतले.

"म्हणजे जप केलास तेवढा," थोरली म्हणाली. "पोपटासारखी म्हणत राहिलीस आणि घालायची विसरलीस. एक काम सांगितलं होतं तुला. आयुष्यात एकच काम." मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतले. लोखंडाचा विचार तिच्या मनात आलाच नाही, कारण तिच्या लेखी मी अजून पांढराशुभ्र होतो आणि धाकटी विसरभोळी होती.

दोन दिवस धाकटी "घातली होती" म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी ती थोरलीसमोर जाऊन उभी राहिली. "ताई, माझंच चुकलं असेल. मी नुसती म्हणत राहिले. घातली नसेन. मला आता खरंच आठवत नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. इथे संन्याशाने स्वतःच येऊन गळ्यात फास अडकवला, आणि चोर शेगडीवर मूग गिळून बसला होता. मी आयुष्यात पुष्कळ उकळलो, पण त्या वेळी जेवढा पोळलो तेवढा कधीच नाही.

मागच्या खोलीतले काम थांबले. भांडण असे झाले नाही. दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरत होत्या, मीठ दे, डबा घे, एवढेच बोलत होत्या. बाळ झाले, मुलगी, आणि तिला दुकानातली दुपटी आली. धाकटीचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच उडाला. तिने गॅसजवळ चिठ्ठी चिकटवली, 'बंद केला का?' दाराला चिठ्ठी, फ्रिजला चिठ्ठी. कुलूप लावून ती रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जायची आणि ओढून बघायला पुन्हा मागे यायची. हे मला माळ्यावरून दिसत आणि ऐकू येत होते, कारण मला तोवर माळ्यावर टाकले होते. अंगावर धूळ साचली, माझ्यात कोळ्याने घर केले. लोक माझ्याकडे दुर्लक्ष करतात, अशी तक्रार मी करणार नाही. मला ते बरेच होते. कोणी बघितले असते तर मी कुठे तोंड लपवले असते?

अशी सात वर्षे गेली. थोरलीची नात सुट्टीला आली होती. तिने डाळिंबे खाल्ली आणि सालींचा ढीग केला. झाडांना खत होईल म्हणून थोरलीने मला खाली काढले, नळाजवळ ठेवले, साली माझ्यात टाकल्या. वर थोडे पाणीही पडले. दोन दिवसांनी तिने मला ओतून रिकामे केले आणि ती जागच्या जागी थांबली. पाणी शाईसारखे काळे होते. एक साल माझ्या बुडाला चिकटून राहिली होती, तीही काळी.

तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती काथ्या घेऊन आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मला आतून घासले. थर निघाला. खाली नाण्याहून मोठा गंजका डाग, आणि काथ्याच्या जोराने त्यातून बारीकसे भोकही पडले. तिने नळाच्या तोटीकडे पाहिले. मग माझ्याकडे. तिला ती दुपार आठवली, हे मला कळले, कारण तिने मला नळाखाली धरून तोटी त्या डागाला लावून पाहिली.

तिने मला उचलले आणि भंगाराच्या पोत्यात टाकले. पोत्याचे तोंडही बांधले. आणि मित्रांनो, मला सुटल्यासारखे वाटले. आता कोणालाच काही कळणार नाही. सात वर्षांनीही मी तसाच होतो, तोच भेकड टोप.

पण थोरली माझ्यासारखी नव्हती. ती पायरीवर बराच वेळ बसली. मग उठली, पोते सोडले, मला बाहेर काढले आणि हाक मारली, "अगं, जरा इकडे ये."

धाकटी ओले हात पुसत आली.

"तुरटी घातली होतीस तू," थोरली म्हणाली.

"कुठली तुरटी, ताई?"

"चादरीची." तिने मला उजेडाकडे तिरके केले. "हे बघ. लोखंड उघडं पडलंय. मीच नळावर आपटला होता, फोनवर बोलत होते. आत बघितलंच नाही मी. तुला मात्र बोलून मोकळी झाले."

धाकटीने डागावरून बोट फिरवले. माझ्या इतक्या वर्षांच्या लपवाछपवीवर ते बोट फिरले.

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नव्हतीस."

"सात वर्षं, ताई. सात वर्षं मी कुलूप लावून परत बघायला येते."

"माहीत आहे मला. रोज बघते ना मी." थोरलीने तिचा हात धरला. "चुकलं माझं. फार चुकलं."

धाकटीने हात सोडवून घेतला. ती आत गेली. मला वाटले, आता ही कधीच बोलणार नाही. ती परत आली तेव्हा तिच्या हातात घडी केलेली ती राखी-हिरवट चादर होती. तिने ती टाकली नव्हती, स्वतःच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. "तुमच्या आईची होती," ती म्हणाली, "कशी टाकणार?" मग दोघी पायरीवर बसून रडल्या. नात डाळिंब खायची थांबून बघत राहिली.

त्या चादरीचे आता नातीचे दोन झगे झाले आहेत. काळे ओरखडे जिथे होते, तिथे धाकटीने खिसे लावले. आणि गॅसजवळची चिठ्ठी तिने काढून टाकली. दाराची अजून आहे. सात वर्षांची सवय एका दिवसात जात नाही, आणि ती चिठ्ठी दिसली की मी पुदिन्याच्या पानांआड होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी काही बिघडले तर चटकन कोणाच्या हातांना बोल लावू नका. जो विसरभोळा म्हणून प्रसिद्ध आहे, त्याच्याकडे तर मुळीच बोट दाखवू नका. आधी भांडे उचला, घासा, उजेडात धरा, त्याचे बूड बघा. भांडी जपून वापरा, आपटू नका, आणि आपटलेच तर आत डोकावून बघा. आणि तुमच्याकडून टवका उडाला, तर ज्या दिवशी उडाला त्याच दिवशी सांगा. तेव्हा तो मसुरीएवढाच असतो.

माझ्या बुडाला आता आरपार भोक आहे. पुदिन्याला घातलेले पाणी त्यातून ठिबकते आणि येणारा-जाणारा म्हणतो, हा टोप फुटका आहे. म्हणू द्या. त्या भोकाची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती कोणालाच न दिसलेल्या त्या एवढ्याशा टवक्याची.