चर्चमधल्या शिडीची फिर्याद

माझी पायरी हलली नव्हती. शंभरदा करकरून सांगितलं, पण कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. लाकडाचं ऐकतंय कोण?

मी चर्चमधली शिडी बोलतेय. सागवानी, नऊ पायऱ्यांची, आणि तोंडाची फटकळ. गोड बोलणं मला जमत नाही. लाकूड गोड लागतं ते किडीला.

सुताराने मला घडवलं तेव्हा त्याला मिशीसुद्धा फुटली नव्हती. पायरी बसवली की तिच्यावर उभा राहून दोन उड्या मारायचा, मगच पुढची. "हिच्यावर हत्ती चढवा," असं चर्चच्या धर्मगुरूंना, म्हणजे पाळकांना सांगून त्याने मला इथल्या भिंतीला टेकवलं. हत्ती काही आला नाही. किल्लीकाका आले.

किल्लीकाका म्हणजे चर्चची देखभाल करणारे. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. दिवे पुसायचे, जाळी-जळमटं काढायची, नाताळात छताखाली मोठा तारा टांगायचा, सगळं माझ्याच जिवावर. चढताना मोठ्याने एक ते नऊ मोजायचे, उतरताना नऊ ते एक. चाळीस वर्षं आमचं बरं चाललं होतं.

मला माणसं तळपायांवरून कळतात. तोंडाने माणूस काय वाटेल ते बोलेल, तळपायाला ते साधत नाही. रंगारी चढतो तो पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा. पाळक चढतात ते डोळे मिटून. कमिटीतले चढतच नाहीत, खालून बोटं दाखवतात.

किल्लीकाकांचा पाय पूर्वी पायरीच्या बरोब्बर मध्ये पडायचा. गेली दोन वर्षं तो आधी अंगठ्याने चाचपायचा, मग टेकायचा. मी काय ते समजले. डोळ्यांत पडदा आलेला. पण त्यांनी घरी काकूंनाही सांगितलं नाही. दिसत नाही म्हटलं तर किल्ल्या दुसऱ्याकडे जातील, ही धास्ती.

यंदा नाताळच्या आठ दिवस आधी ते तारा लावायला चढले. तारा लागला. उतरताना मोजत होते, "चार... तीन..." तेवढ्यात दारातून काकूंची हाक, "अहो, चहाचं पाणी झालंय!" झालं, आकडा चुकला. होते दुसऱ्या पायरीवर, त्यांना वाटलं पहिली. पुढचं पाऊल जमिनीवरच म्हणून बिनधास्त टाकलं.

धप्प!

लागलं थोडंच. पण सगळे धावत आले. पाळकांनी विचारलं, "काय झालं हो?"

काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "पायरी हलली."

तासाभरात माझ्या गळ्यात पाटी: "धोका. शिडी मोडकी आहे." सुताराला बोलावून मला तोडायचं ठरलं. कमिटीचा एवढा झटपट निर्णय मी जन्मात पाहिला नव्हता.

यात आणखी एकीचं नुकसान झालं. दर नाताळात मुलं ख्रिस्तजन्माचं नाटक करतात. माझ्यावर पांढरी चादर टाकतात आणि देवदूत माझ्या चौथ्या पायरीवरून मेंढपाळांना आनंदाची बातमी सांगतो. यंदा देवदूत होती काकांचीच नात. तिला सगळे टकळी म्हणतात, कारण तिचं तोंड मिटत नाही. शिडी बाद, म्हणून तालमीत तिला स्टुलावर उभं केलं. मेंढपाळ तिच्या वर डोकं काढून उभे.

"हा कसला देवदूत? माझ्या खांद्याला लागतोय!"

"तुझं मेंढरू सांभाळ, लांबुडक्या!" टकळी ओरडली.

पाळकांनी मुलांना गप्प बसवून बायबलमधली याकोबाची गोष्ट सांगितली. दगडाची उशी करून तो निजला, आणि स्वप्नात त्याला स्वर्गापर्यंत गेलेली शिडी दिसली, तिच्यावरून देवदूत चढत-उतरत होते. कोपऱ्यात माझी मान ताठ झाली. पाटीसकट.

"पण त्यांना पंख असतात ना?" टकळी म्हणाली. "मग शिडी कशाला?"

पाळक चष्मा पुसायला लागले. काकू पंखांना टाके घालत होत्या. दोरा दाताने तोडून म्हणाल्या, "आपल्यासाठी गं. उडून आले असते तर वाटलं असतं, वरचे ते वरचेच. पायरी-पायरीने आले म्हणजे आपले वाटतात. देव नाही का तसाच आला, थेट गव्हाणीत?"

चाळीस वर्षं मी उपदेश ऐकतेय, पण हे मला पटलं. माणसांना चढण्याचं फार कौतुक. मला विचारा, कठीण असतं ते उतरणं. चढताना पायरी समोर दिसते, उतरताना अंदाजाने पाय सोडावा लागतो. आणि देव तर इतका खाली उतरला, की गुरांच्या चाऱ्यात निजला.

तेवढ्यात करवत घेऊन सुतार आला. नऊही पायऱ्यांवर उड्या मारल्या. मिशी पांढरी झाली, पण खोड तीच.

"काका, कुठली हलली?"

"खालची."

"पहिली की दुसरी?"

काकांनी कमरेचा जुडगा सोडून हातात घेतला. तिकडे टकळी देवदूताचं वाक्य मेंढपाळांवर खेकसत होती, "भिऊ नका!" मेंढपाळ फिदीफिदी हसले. तिने आणखी जोर लावला, "भिऊ नका म्हणते ना!"

भ्यालेलं कुणीच नव्हतं. एकटे काका भ्याले होते. त्यांनी हातातला जुडगा टेबलावर ठेवला.

"पायरी नाही हलली," ते म्हणाले. "मला दिसत नाही. मी खोटं बोललो."

काकू म्हणाल्या, "तरीच! परवा माझ्या चपला घालून बाजारात गेलात!"

सुतार हसला, पाळक हसले, शेवटी काकाही हसले, डोळे पुसत. पाळकांनी जुडगा पुन्हा त्यांच्या कमरेला अडकवला. "कुलूप हाताने उघडतं. चढायला दुसरे आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन मात्र पुढच्याच आठवड्यात, आणि मी बरोबर येणार."

नाताळच्या सकाळी टकळी माझ्या चौथ्या पायरीवर उभी राहिली. तळपाय थरथरत होते. मी घट्ट धरून ठेवलं.

मी देवदूत पाहिलाय का, विचाराल तर पंखवाला एकही नाही. पण काकांनी जुडगा खाली ठेवला त्या दिवशी त्या पोरीच्या तोंडून कुणीतरी वरचं बोललं, हे मी शपथेवर सांगते. विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, मला सवय आहे. फक्त एवढं करा. कुणी उंचावरून उतरत असेल तर चहाला हाक मारू नका. खाली उभं राहून हात द्या.

ती पाटी अजून माझ्या गळ्यात आहे. टकळीने ती उलटी करून खडूने लिहिलंय, आणि काकांनी स्वतः खिळा ठोकून दिलाय: "शिडी शहाणी आहे. चुकले ते किल्लीकाका."