बिनभोकाचा अर्धा

माझं तोंड फार वाईट. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बायको म्हणते ते खोटं नाही.

टेम्पोचं इंजिन मी बांधलं होतं. त्याचा क्रँक, आतला फिरणारा मुख्य दांडा, मापात घासून दिला होता मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. चाळीस वर्षं हेच काम, ग्राइंडिंगची मशीन त्यांची स्वतःची, माझ्याच गॅरेजात मांडलेली. चौथ्याच दिवशी इंजिन जाम! ड्रायव्हर चार माणसं घेऊन गॅरेजात आला.

मी खेकसलो, "मला काय विचारता? मामांना विचारा! हात थरथरतात त्यांचे. क्रँक चुकीचा घासलाय."

मामा तिथंच उभे होते. त्यांनी मायक्रोमीटर पुसला, डबीत ठेवला, मशीनवर ताडपत्री टाकली आणि निघून गेले.

आज सकाळी बायको म्हणाली, "बाबा मशीन विकायला काढतायत. आता माझं काम राहू दे, म्हणाले."

मी गुमान गॅरेजात आलो, इंजिन उघडलं. तिसऱ्या बेअरिंगपाशी क्रँक जळून निळा पडला होता, बाकी सगळीकडे लखलखीत. बेअरिंगचे दोन अर्धे असतात. वरच्याला तेलाचं भोक असतं, खालच्याला नसतं. इथं बिनभोकाचा अर्धा वर बसला होता. तेलाची वाट मीच बुजवली होती! बसवताना मी फोनवर कुणाशी तरी भांडत होतो, तेही आठवलं. आणि वर चोराच्या उलट्या बोंबा.

कुणी पाहिलं नव्हतं. तो अर्धा गटारात टाकावा, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलंच.

मामांच्या घरी गेलो. ते दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते. मी तो अर्धा पुढ्यात ठेवला. लाजेनं मान वर होईना.

"हात थरथरतात हे खरंय," ते म्हणाले. "म्हणूनच मी प्रत्येक माप तीनदा घेतो."

दुपारी ड्रायव्हरला आणि त्या चौघांना बोलावून मी चूक कबूल केली. ड्रायव्हर नको नको ते बोलला. ऐकून घेतलं.

मग मामा आले. ताडपत्री काढली, तोच क्रँक पुन्हा घासला. माप घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदाही घेतलं. मग मायक्रोमीटर माझ्यापुढं धरला.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "तुम्ही एकदा बघता का? माझं चुकलं असेल."