हवालदारांचा मुद्देमाल

कोंडीराम हवालदार पाहुण्यांसमोर ट्रंक उघडायचे ते दगड दाखवायला. काळा, गुळगुळीत, अर्ध्या नारळाएवढा दगड. त्याला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर हवालदारांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: ‘मुद्देमाल. दगड नग एक. रक्ताच्या डागासह. जानेवारी १९५६, लालबाग.’ डाग खरोखरच होता. दगडाच्या खालच्या सपाट अंगाला, तांबूस आणि जरासा तेलकट. “माझं रक्त आहे ते,” हवालदार सांगायचे, आणि पाहुणा पुढे केलेला हात हळूच मागे घ्यायचा.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळल्यावर लालबाग पेटलं, त्या दिवसांतली ही गोष्ट. हवालदारांचा बंदोबस्त नेमका त्यांच्याच चाळीखाली लागला होता. पुढचं ते नेहमी एकाच सुरात सांगत. “मी लायनीत सरळ उभा. काठी खाली. कुणाला बोट लावलं नव्हतं, आणि आला की हो दगड!” दगड कानाला घासून उजव्या खांद्यावर बसला आणि खांद्याचं हाड मोडलं. सत्तावीस वर्षांची सवय अशी, की स्ट्रेचरवर घालतानाही ते ओरडत होते, “मुद्देमाल सोडू नका!” आरोपी मिळाला नाही, फाईल बंद झाली, आणि चौकीत त्या दगडाला विचारणारं कुणी उरलं नाही म्हणून हवालदारांनी तो घरी आणला.

हाड सांधलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. वाण्याच्या दुकानात तसा माणूस चालला असता. पोलिसात नाही चालला, कारण तिथे सलाम ठोकावा लागतो. एका मोठ्या साहेबांना हवालदारांनी डाव्या हातानं सलाम केला, साहेबांना तो अपमान वाटला, आणि महिनाभरात हवालदार ‘नोकरीस अपात्र’ ठरून तुटपुंज्या पेन्शनीवर घरी बसले.

घर चालवत होती ती सुंदराबाई, त्यांची बायको. चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या त्या एका खोलीत ती बारा गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. पहाटे चूल पेटायची ती दुसऱ्या पाळीची माणसं जेवून उठेपर्यंत विझत नसे. धुरानं तिला खोकला जडला होता. हवालदार डाव्या हातानं लसूण सोलून देत, भाकऱ्या मोजून ठेवत, आणि तिचा खोकला ऐकला की लसणाकडे बघत बसत. एवढी वर्षं सरकारची चाकरी करून बायकोला लोकांच्या भाकऱ्या थापायला लावल्या, ही गोष्ट त्यांना खांद्यापेक्षा जास्त दुखायची.

आणि अठ्ठावन्न साली विधानसभेत कायदा पास झाला. दंगलखोर जमावाच्या हल्ल्यात कायमचे जायबंदी झालेले पोलीस आणि बंबवाले यांना वाढीव पेन्शन, आणि ते गेल्यावर त्यांच्या बायकोला त्यातली निम्मी. हवालदारांनी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून ट्रंकेत दगडाखाली ठेवली.

“सुंदरे, खानावळ बंद करायची,” ते म्हणाले. “पैसे हाती आले की दुसऱ्या दिवशी चूल फक्त आपल्या दोघांची.”

“आणि मग मी दिवसभर काय करू? तुमचा दगड पुसू?” सुंदराबाई म्हणाली. पण त्या रात्री तिनं विचारलं, “कधीपासून देणार म्हणतात?”

अर्जाला एक अट होती. हल्ल्याच्या वेळी जागेवर हजर असलेला, त्याच वस्तीतला एक साक्षीदार हवा. तो पोलीस नसावा आणि अर्जदाराचा नातलगही नसावा. हवालदारांनी हे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसले. त्या दिवशी नाक्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. साक्षीदारांना काय तोटा!

ते विचारायला निघाले आणि कळलं, त्या दिवशी लालबागला कुणी नव्हतंच. पानवाला दुकान बंद करून भायखळ्याला मेहुण्याकडे गेला होता. न्हावी तापानं फणफणला होता. तालमीतले झाडून सगळे पहिलवान म्हणे एका भजनाला बसले होते. एवढे अश्रुधुराचे गोळे सरकारनं रिकाम्या रस्त्यावर का फोडले, असा प्रश्न कुणालाही पडावा.

शेवटी त्यांनी गुणाजीला धरलं. गुणाजी गिरणीत साच्यावर कापड विणायला, मालवणकडचा, खानावळीत दहा वर्षं जेवणारा. निदान ताटाला तरी जागेल असं हवालदारांना वाटलं.

“मी थंय नव्हतंय,” गुणाजी भातात बोट फिरवत म्हणाला. “आणि असतंय तरी ह्या कागदार सही करतंय काय? दंगलखोर म्हणे! हवालदार, तुमी तरी आमका दंगलखोर म्हणू नकात.”

“मी नाही रे म्हणत. कायदा म्हणतो.”

“मग कायद्याकच साक्षीदार घेवा.”

सुंदराबाईनं त्याच्या ताटात आमटी जरा जोरात वाढली. दोन वर्षं अर्ज ट्रंकेत पडून राहिला, साक्षीदाराच्या नावाची ओळ कोरी.

मग साठ सालचा मे महिना उजाडला आणि महाराष्ट्र झाला. चाळीला तोरणं लागली, पेढे वाटले गेले, लोक गळ्यात पडून रडले. हवालदारही रडले. इतकी वर्षं खाकी पट्टा आवळून आत दाबून ठेवलेलं त्या दिवशी बाहेर आलं, आणि ते अगदी खरं होतं. चाळीच्या मंडळानं जाहीर केलं की आपल्या विभागातल्या लढवय्यांचा जाहीर सत्कार होणार.

आणि काय चमत्कार, भायखळ्याला गेलेला पानवाला एका रात्रीत लालबागला परत आला! न्हाव्याचा चार वर्षांपूर्वीचा ताप उतरला. भजनाला बसलेले पहिलवान बाह्या सरसावून उठले. जो तो त्या दिवशी नाक्यावरच होता, आणि त्यातले सातजण असे निघाले की ज्यांनी कोंडीराम हवालदारांना दगड मारला होता. पोलिसाला लोळवणारा असा दगड साऱ्या विभागात तो एकच, शिवाय तो पुराव्यासकट शाबूत.

गुणाजी आला तो ताटावर न बसता थेट हवालदारांच्या शेजारी बसला.

“हवालदार, तो दगड माझो होतो.”

“तू तर तिथे नव्हतास.”

“तेव्हा नव्हतंय. आता आसंय.” एवढं बोलून त्यालाच हसू आलं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “तुमी मंडळात सांगा, मीच मारलो म्हणून. मी तुमच्या कागदार सही करतंय. तुमचा पेन्शन, माझो हार.”

हवालदारांनी आयुष्यात खोटी साक्ष दिली नव्हती, निदान स्वतःसाठी तरी नाही. त्यांनी चुलीकडे बघितलं. सुंदराबाई पदर तोंडाला लावून खोकत होती, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. “ठीक आहे,” हवालदार म्हणाले.

सत्कार चाळीच्या मैदानात झाला. टेबलावर तांबडं फडकं घालून त्यावर दगड ठेवला होता, चिठ्ठीसकट. कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला. मग चाळीतल्या बायका एकेक करून पुढे झाल्या आणि त्याला हळदकुंकू वाहू लागल्या. “वहिनी, तुम्ही पण या! तुमचा तर मान पहिला,” असं म्हणत त्यांनी सुंदराबाईलाही ओढलं. तिनं मान खाली घालून दगडाला कुंकू लावलं, आणि पुटपुटली, “पुरे करा आता ह्याचे लाड.”

हवालदारांनी माईकपुढे उभं राहून सांगितलं, “ह्याच माणसानं मला दगड मारला.” टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी टाळी वाजवली नव्हती. गुणाजीनं गळ्यातल्या हारासकट त्यांना मिठी मारली आणि नेमका दुखरा खांदा दाबला. खाली उतरल्यावर त्यानं शब्द पाळला आणि कागदावर सही केली. दंगलखोर हा शब्द येईल तिथे त्यानं तेवढे डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या सोमवारी हवालदार अर्ज घेऊन पेन्शनच्या कचेरीत गेले. कारकून तरुण होता, चांगला होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्ज दोनदा वाचला.

“हवालदार, दंगल कुठे झाली?”

“लालबागला. छप्पन्न साली.”

“तसं नाही. आता आपलं राज्य आलं. त्या दिवसांना सरकारी कागदात दंगल म्हणायचं नाही, असा तोंडी हुकूम आहे. ते आंदोलन होतं.”

“बरं मग. आंदोलनात जखमी झालो असं लिहा.”

कारकुनानं कायद्याचं पुस्तक काढून उलटंपालटं केलं. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. “कायदा दंगलीत जखमी झालेल्यांसाठी आहे. आंदोलनात पोलीस जखमी होतो, अशी त्यात सोयच नाही. शिवाय तुमचा साक्षीदार म्हणतो, दगड त्यानंच मारला, आणि त्याचा तर सत्कार झालाय, पेपरात आलंय. सत्काराच्या कामात जायबंदी झालेल्याला पेन्शन कुठून देऊ?”

“म्हणजे मला लागलंच नाही?”

“लागलं हो. कागदावर लागलं नाही, एवढंच.”

हवालदार चालतच घरी आले. दुपारची पंगत उठली होती. त्यांनी अर्ज चुलीपाशी ठेवला आणि घडलं ते सांगितलं. मग ट्रंक उघडून दगड बाहेर काढला. “फेकून दे हा. मला नको घरात.”

सुंदराबाईनं दगड घेतला. चिठ्ठी सोडली. मोरीत बसून तिनं तो राखेनं घासला, कुंकू गेलं, शेंदरी पाणी वाहून गेलं, तो लख्ख काळा झाला. मग ती कोपऱ्यातल्या लोणच्याच्या मोठ्या बरणीपाशी गेली. उंदरांनी झाकण पाडू नये म्हणून तिच्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवलेला असे, आणि तो कलंडतो म्हणून हवालदार अधूनमधून कुरकुरत. तिनं तांब्या उचलला आणि लाकडी झाकणाच्या मधल्या खळग्यात दगड ठेवला. तो तिथे असा बसला की जरासुद्धा हलला नाही.

हवालदार बघत राहिले. मग वाकून त्यांनी झाकणाचा वास घेतला. मिरची, हळद, तेल. चार वर्षं पाहुण्यांना ते लोणचं दाखवत होते.

“तू?”

“वरून पोलिसांच्या सगळ्या पिवळ्या टोप्या सारख्याच दिसतात,” सुंदराबाई म्हणाली. “गुणाजीभावोजी खाली पडलेले, दोन्ही हात डोक्यावर धरून. आणि एकानं त्यांच्यावर काठी उचललेली. हाताला आला तो बरणीवरचा दगड टाकला. तो माणूस पडला, टोपी उडाली, तेव्हा दिसलं की आपलंच माणूस.”

“मी काठी उचलली नव्हती,” हवालदार म्हणाले. “मी लायनीत सरळ…”

“उचलली होती.”

ती रागानं बोलली नाही. हवालदार पाटावर बसले. त्यांनी उजवा हात वर न्यायचा प्रयत्न केला. तो खांद्यापर्यंत गेला आणि नेहमीच्या जागी अडला. त्या दिवशी तिथेच काठी होती, हे त्यांना आता आठवलं. मग त्यांना खूप लाज वाटली, आणि ती पेन्शनीची नव्हती.

“दोन वर्षं साक्षीदार शोधत फिरलो गं,” ते म्हणाले. “आणि तू घरात.”

“मी चालले नसते,” सुंदराबाई परात पुढे ओढत म्हणाली. “नातलग नको, असं तुम्हीच वाचून दाखवलं होतंत.” तिला खोकला आला. हवालदारांनी उठून पाणी दिलं, मग पिठाचा डबा आपल्याकडे घेतला आणि डाव्या हातानं पीठ चाळायला बसले. त्या दिवसापासून ते काम त्यांनी सोडलं नाही.

संध्याकाळी नाक्यावर गुणाजी चारचौघांत आपली कथा सांगत होता. दगड कसा हेरला, कसा तोलला, कसा भिरकावला. हवालदार येताना दिसले तसा तो ओरडला, “विचारा हवालदारांका! खोटा सांगतंय काय?”

सगळ्यांनी हवालदारांकडे पाहिलं. वर पहिल्या मजल्यावर, गॅलरीत, सुंदराबाई दोरीवरचे कपडे काढत होती.

“ज्यानं मारला,” हवालदार म्हणाले, “त्यानं अगदी योग्य वेळी मारला.”