लाकडं फोडायला बाहेर

पोर तुम्ही तोडलीत. तिच्या आईच्या आजारानं नाही, आमच्या म्हातारपणानं नाही, तुम्ही. बालकल्याणाच्या उबदार कचेरीत बसून तोडलीत आणि वर आम्हालाच समजावलंत की हे सगळं मुलीच्या विकासासाठी चाललंय. मी शाळा लवकर सोडली, लाकूडगिरणीत फळ्या उचलत म्हातारी झाले. विकास वगैरे शब्द मला येत नाहीत. पण मूल वाढताना कसं दिसतं ते मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिलंय. तुम्ही नाही पाहिलं.

हेल्मी आठ महिन्यांची असताना पहिल्यांदा आमच्याकडे आली. तिची आई सातू मनानं आजारी. कधी महिनाभर अगदी ठीक, कधी पडदे ओढून पलंगावर. दर दुसऱ्या शनिवार-रविवारी लेकराला सांभाळील असं घर तेव्हा तुमचीच माणसं शोधत होती. तळ्याकाठी आम्ही दोघंच, मी आणि माझा नवरा कालेर्वो, आणि मुस्ती नावाचा कुत्रा. आम्ही हो म्हणालो.

रांगायला ती मुस्तीच्या मागे शिकली. तीन वर्षांची झाली तरी बोलेना. तुम्ही चित्रांचे पुठ्ठे पाठवलेत, ते तिनं चघळले. बोलली ती सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, खालच्या बाकावर, कालेर्वोच्या मांडीला टेकून. त्यानं तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, चर्र झालं, वाफ उठली आणि पोर म्हणाली, "अजून." त्यानं पुन्हा ओतलं. "अजून." बादली संपली. लालबुंद होऊन बाहेर आला आणि मला म्हणतो, "हिला बोलता येतं. आता आपली धडगत नाही."

पाळी आली तेव्हा तिनं मला फोन केला. वार मंगळवार होता, आमचा नव्हता. मी गाडी काढली आणि गेले. नंतर ती दारं आपटायला लागली. कालेर्वोनं बिजागऱ्यांना तेल घातलं. "आता आपट खुशाल," म्हणाला, "मधेच अडकायचं नाही." ती हसू दाबत आत गेली आणि पुन्हा आपटलं.

हेल्मी तेरा वर्षांची असताना सातू पुन्हा दवाखान्यात गेली आणि या वेळी परत येण्याचं कोणी बोलेना. हेल्मीनं आता कायमचं कुठे राहायचं, हे ठरवायला तुम्ही दक्षिणेकडून एनरोथ बाईंना पाठवलंत. मला कळेना, ठरवायचंय काय? मागच्या खोलीत तिचा पलंग आहे.

बाई आल्या त्या दिवशी मी वेलदोड्याचा पाव भाजला. कॉफी झाली. कालेर्वो उठला. "पोरीचं मन पोरीला सांगू दे," म्हणाला आणि लाकडं फोडायला बाहेर गेला. मीही गेले. आमच्याकडे हीच रीत आहे. कोणाचं मन विचारायचं असलं की बाकीच्यांनी उठायचं. समोर बसून राहिलो असतो तर तिनं आमच्या तोंडाकडे बघून उत्तर दिलं असतं. आणि माणूस मागून घेणं आम्हाला जमत नाही. ते बाजारात गाय मागितल्यासारखं वाटतं.

"खिडकीकडे बघू नकोस," मी म्हणाले.

"बघत नाहीये."

"मान तिकडे आणि कुऱ्हाड इकडे. बोट जाईल."

"दहा आहेत."

"असं अभद्र बोलू नकोस." मग हळूच, "काय विचारत असेल गं ती बाई?" हे मात्र मीच माझ्याशी बोलले.

बाई बाहेर आल्या, बर्फात बूट जपत. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"ती काय म्हणाली तेच," कालेर्वो म्हणाला.

"तुमची स्वतःची इच्छा?"

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली, टोपी काढली. "जागा आहे," म्हणाला.

इथे कोणीही माणूस हे ऐकून म्हणाला असता की यानं घर देऊन टाकलं. एनरोथ बाई म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या.

आत हेल्मी काय बोलली ते तिनंच रात्रीच्या जेवणाला सांगितलं. बाईंनी विचारलं, इथे राहायचंय का? ही म्हणाली, "त्यांना त्रास नको." पोर आमचीच. आमच्याच हातची वाढलेली. मागायचं नाही, हे आमच्याकडून शिकलेली. कालेर्वोनं तिच्या ताटात सगळ्यात मोठा मासा वाढला. आम्हाला तिघांनाही वाटलं, झालं आता, ठरलं.

मग तुमचा फोन आला. मुलीला ओढ दिसली नाही. घरचे लोक मुलाखतीच्या वेळी उठून गेले. समुद्राकाठच्या शहरात मुलांचं एक गृह आहे, तिथे तज्ज्ञ असतात. मी गिरणीत शिकलेले सगळे शब्द वापरले. फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, "हे तेव्हा सांगायला हवं होतं." मी अपील केलं. तुम्ही म्हणालात, रक्ताचं नातं नाही. लेकरू आठ महिन्यांचं असताना रक्त विचारलं होतंत?

गाडी आली त्या दिवशी कालेर्वोनं तिची बॅग उचलून ठेवली, तिच्या टोपीवर हात ठेवला. ती गाडीत बसली. दार हळूच लावलं.

आता रविवारी तिचा फोन येतो. गेल्या रविवारीही आला.

"काय जेवलीस?"

"मॅकरोनी."

"झोप लागते का?"

"लागते." मग मला नेहमीसारखी नावानं हाक मारून म्हणाली, "रायली, तुम्ही त्या दिवशी बाहेर का गेलात?"

"तुला मोकळेपणी बोलता यावं म्हणून, बाळा."

"इथे सांगतात, तुम्हीच नको म्हणालात."

कालेर्वोनं माझ्या हातातून फोन घेतला. कानाला लावून उभा राहिला, शब्द येईना. तळ्यावर मासे धरताना ती दोघं तासन् तास अशीच गप्प बसायची आणि दोघांनाही बरं वाटायचं. फोनवर ते चालत नाही. तिनं ठेवून दिला.

म्हणून हे लिहिलंय. एनरोथ बाईंनी काय पाहिलं ते मला नको, तज्ज्ञ किती आहेत तेही नको. आम्ही तिला नको म्हणालो, हे तिला कोणी सांगितलं? तेरा वर्षांच्या पोरीला तोंडावर सांगायची हिंमत होती ना, मग मला नाव सांगा. कोणी सांगितलं?