पुठ्ठ्याचा आडोसा

"हो की नाही, एवढंच सांग," गौरव म्हणाला. "मोसादेग लोकशाही मार्गाने सत्तेत होता की नव्हता?"

"होता," वैभवी म्हणाली, पण आवाज खाली गेला.

उद्या तिची नागरी सेवा परीक्षेची मुलाखत. सहावा, शेवटचा प्रयत्न. एम.ए.चा प्रबंध याच माणसावर. इराणचं तेल इंग्रजांकडून काढून घेणारा आणि परक्यांच्या मदतीने झालेल्या उठावात पदावरून गेलेला पंतप्रधान. प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर तिने ठसठशीत छापून घेतलं होतं : 'लोकनियुक्त नेता'. मुलाखतीत हा प्रश्न येणारच होता.

गाझियाबादच्या त्या फ्लॅटमध्ये ती तीन वर्षं पेइंग गेस्ट होती. घरमालकीण इंदुमतीकाकू शाळेतल्या लॅब असिस्टंटच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. गौरव त्यांचा वकील मुलगा. काकू मटार सोलत होत्या. त्यांचं उजवं मनगट वाकडं होतं. लॅबमध्ये पाय घसरला होता म्हणे.

"संसदेने मत दिलं, इराणच्या राजाने, शहाने नेमलं, ठीक," गौरव म्हणाला. "मग निवडणूक अर्ध्यात थांबवली, जादा अधिकार घेतले. आणि संसद बरखास्त करायचं ते सार्वमत? 'हो'वाल्यांचा तंबू इकडे, 'नाही'वाल्यांचा तिकडे." त्याने टेबलाच्या दोन टोकांना दोन वाट्या ठेवल्या. "वा रे लोकशाही!"

"चारी बाजूंनी घेरलं होतं यार त्याला!"

काकूंचा हात थांबला. "तंबू वेगळे? म्हणजे कोण कुठे शिरलं ते सगळ्यांना दिसायचं?"

"बिल्कुल. पण आई, तुला काय त्याचं?"

"मी लॅबमध्ये पडले नव्हते, गौरव."

काकूंनी वाकडं मनगट टेबलावर ठेवलं.

"इलेक्शन ड्यूटी होती. बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे. एक बाई पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली, तसा तिचा नवरा मागोमाग निघाला. 'मेरी बीवी है, मैं देखूँगा.' मी मध्ये उभी राहिले. त्याने हात पिरगळला."

"मग?"

"मग काय, पोलिसाने त्याला बाहेर काढलं. तिने बटण दाबलं. बीप ऐकू आला."

"आणि तू घरी नाही आलीस?"

"रांगेत दीडशे बायका होत्या. संध्याकाळपर्यंत डाव्या हाताने शाई लावली."

"आम्हाला खोटं का सांगितलंस?"

"तुझ्या बाबांनी पुन्हा जाऊ दिलं नसतं. त्यानंतर सहा वेळा गेले मी."

गौरवने दोन्ही वाट्या हळूच उचलल्या. वैभवीने त्या मनगटाकडे पाहिलं. तीन वर्षं याच हाताने तिला पोळी वाढली होती.

"म्हणजे काकू, 'नव्हता' असं सांगू?"

"असं मी कुठे म्हटलं? प्रयोगवहीतली नकोशी नोंद खोडायची नसते, हवीशी तेवढीच ठेवायची नसते. संसदेचं मत, शहाची नेमणूक, ते तंबू, परक्यांनी केलं ते. सगळं क्रमाने सांग. आणि शेवटी तुझं मत. ते तुझं तू ठरव."

वैभवीने कोरा कागद घेतला. काकूंनी प्रबंध उचलला, दोन्ही पुठ्ठे फाकवून तिच्यासमोर टेबलावर उभा केला. ठसठशीत अक्षरं बाहेरच्या बाजूला. त्यामागे ती लिहू लागली.

गौरवने मान उंचावली.

"शेंगा सोल तू," काकू म्हणाल्या. आणि कोणी सांगितलं नसताना, स्वतःची खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसल्या.