आधी खड्डे, मग खोल्या

मी एक जुनी दोरी आहे. सहादू गवंड्याची, आखणीची. मित्रांनो, दोरीने आपली गोष्ट एका टोकापासून सांगायला हवी, पण मला तेवढा धीर नाही. मी मधूनच सुरू करते. त्या सोमवारपासून! कारण त्या सोमवारी नगर शहरात अकरा बायकांनी एक अख्खी इमारत चुकीची खणली.

थांबा. जन्म राहिला.

घायपाताच्या वाखापासून मला वळलं. काष्टीच्या बाजारात सहादूने मला दोन्ही हातांत ताणून पाहिलं आणि म्हणाला, "ही न्हाई तुटायची." तेव्हापासून माझं काम एकच. दोन खुंट्यांमध्ये ताठ राहायचं. माझ्या कडेने चुन्याची फक्की टाकली की तिथे भिंत येणार हे ठरलं. मी दोन शाळा आखल्या, एक दवाखाना आखला, गोठे तर कितीतरी. भिंत उभी राहिली की लोक भिंतीचं कौतुक करत. मी पुन्हा पिशवीत, करणी आणि ओळंब्याच्या खाली.

जन्म झाला. आता सोमवार.

नाही, त्याआधी भिमाबाई.

बहात्तरचा दुष्काळ होता. गावोगावच्या बायका तळ्याच्या आणि रस्त्याच्या सरकारी कामावर माती खणत, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खात. काहींना परत जायला घरच उरलं नव्हतं. अशा अकरा जणी पोरांना घेऊन नगरला आल्या आणि एस.टी. स्टँडच्या कडेला राहू लागल्या. भिमाबाई त्यांतलीच, श्रीगोंद्याकडची. नवरा वारला होता. दिराने घराबाहेर काढलं आणि तिच्या अकरा वर्षांच्या लेकीचं, भागीचं, लग्न परस्पर ठरवून टाकलं. दोनदा तो स्टँडवर आला आणि झोपलेल्या भागीला हाताला धरून ओढू लागला. दोन्ही वेळा भिमाबाई जागी होती म्हणून पोर राहिली. त्यानंतर ती बसूनच झोपायची, भागीच्या मनगटाला पदराचं टोक बांधून.

शहरातल्या एका संस्थेने या बायकामुलांसाठी इमारत बांधायचं ठरवलं. अध्यक्ष आप्पासाहेब. नकाशा रंगनाथरावांचा. रंगनाथराव म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले ओव्हरसियर, भले गृहस्थ, पेन्सिल कानावर. नकाशात एक लांब दालन होतं, त्यात चोवीस खाटा आणि एकच मोठं दार. दाराला कडी बाहेरून, म्हणजे संध्याकाळी पहारेकऱ्याला लावता येईल. शेजारी सभागृह.

भिमाबाईने ते ऐकलं आणि स्टँडवर शेजारी राहणाऱ्या साळूबाईला म्हणाली, "येक दार, त्याची कडी भाईर. मंग माज्या दिरानं पहारेकऱ्याला इडी पाजली की झालं. म्या न्हाई जायची आत."

"आन मंग जाशील कुटं?"

"इथंच. स्टँडावर."

बांधकामावर मजूर म्हणून मात्र त्या अकराही जणी आल्या. पोरांना सावलीत बसवलं. सहादूने मला ताणलं, फक्की टाकली. दालनाचा चौकोन, सभागृहाचा चौकोन. "लागा खणायला," म्हणाला आणि रंगनाथरावांबरोबर दगड पाहायला खाणीवर गेला.

आता ऐका! पाया खणायचा तो रेघेवर. हे गवंड्याला कळतं, मला कळतं. पण या बायका वर्षभर दुष्काळी कामावर राबल्या होत्या. तिथे चुन्याचा चौकोन म्हणजे खड्डा. रेघेच्या आत खणायचं. प्रत्येकीचा खड्डा वेगळा, मोजणी वेगळी, आणि दोघींच्या मध्ये मातीचा बांध तसाच ठेवायचा.

त्यांनी पावलांनी चौकोन वाटून घेतले. आठ जणी दालनात, तिघी सभागृहात. आणि खणलं! मी खुंट्यांवर ताठ होते, ओरडायला तोंड नाही. माती उडत होती, पाट्या भरत होत्या, साळूबाई ओव्या म्हणत होती. दुपारपर्यंत गुडघाभर!

रंगनाथराव आले आणि त्यांच्या कानावरची पेन्सिलच पडली.

"अहो बाई, मी पाया सांगितला होता! हे काय केलंत?"

"रेघा तुमीच मारल्या, सायेब," साळूबाई म्हणाली. "तळ्यावर रेघंच्या आत खंदत्यात."

सहादूने कपाळाला हात लावला. "माजंच चुकलं. सांगायला पायजे हुतं."

तेवढ्यात भाकरीची वेळ झाली. पोरं सावलीतून धावत आली आणि मित्रांनो, एकही पोर चुकलं नाही. जो तो आपल्या आईच्या खड्ड्यात उतरला. अकरा खड्डे, अकरा फडकी सोडलेली. मातीच्या बांधावरून साळूबाईने भिमाबाईला ठेचा दिला. रंगनाथराव तरातरा निघाले, भिमाबाईचा बांध ओलांडायला पाय उचलला, तोच भागी ओरडली, "तिकडनं न्हाई! हिकडनं या. दार हिकडं हाय!"

तिने बोट दाखवलं. बांधात हातभर रुंद फट ठेवली होती, पाटी घेऊन ये-जा करायला.

रंगनाथराव एका पायावर थांबले. मग मागे फिरले, वळसा घालून त्या फटीतून आत आले आणि मातीत बसले. बराच वेळ ते एका खड्ड्यातून दुसऱ्याकडे बघत राहिले. मग नकाशाची गुंडाळी उलटी करून मांडीवर पसरली. "बाई, चूल कुठे हवी?"

"माजी ह्या कोपऱ्यात. धूर साळूबाईकडं जायला नको."

"आणि कडी?"

भिमाबाईने घास खाली ठेवला. "आतनं."

काय सांगू! पेन्सिल धावत होती. बायका बांधांवर उभ्या राहून ओरडत होत्या. न्हाणी कुठे, पोरांना खेळायला अंगण कुठे, बाळंतिणीची खोली पाण्याजवळ घ्या. सहादू मला उपटून इकडून तिकडे पळत होता. मी इतकी कधीच ताणली गेले नव्हते!

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब आले. त्यांनी खड्डे पाहिले, नवा नकाशा पाहिला. "रंगनाथराव, प्रत्येकीला खोली? आणि आतून कडी? दारं लावून या बायका आत काय करतील, कोण बघणार?"

भिमाबाई पुढे आली.

"झोपू, आप्पासायेब. लई दिस झालं झोपून."

आप्पासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आणि सभागृह? तिथे माझ्या नावाचा दगड बसणार होता."

"न्हाणीवर बसवा की," साळूबाई म्हणाली. "रोज दोनदा सगळ्या नाव घेतील."

आधी सहादू हसला. मग नाइलाजाने आप्पासाहेब.

पाया पुन्हा आखला, खड्डे भरले. त्या खटाटोपात मी दोनदा तुटले, सहादूने गाठी मारल्या. पुढच्या उन्हाळ्यात अकरा खोल्या उभ्या राहिल्या. आता मी कुजले आहे, सहादूच्या मुलाकडे नायलॉनची दोरी आहे, मला कुणी हात लावत नाही. असू दे. मी आखलेल्या रेघांवर माणसं नांदतात.

फक्त एवढं ऐका. कुणाचंही घर आखाल तेव्हा आधी त्यात राहणारीला विचारा. आणि कुणाचंही दार असो, वाजवा आणि थांबा.

बायका राहायला आल्या त्या दिवशी लोहाराकडून कड्या आल्याच नव्हत्या. भिमाबाईने सहादूकडून माझा एक तुकडा मागून घेतला, भरदुपारी भागीला आत घेतलं, दार ओढलं आणि मला आतल्या खिळ्याला तीन वेढे देऊन बांधलं. मग ती आडवी झाली.

थोड्या वेळाने आप्पासाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांनी दार लोटलं. मी ताठ! त्यांनी दार वाजवलं. आतून घोरण्याचा आवाज आला.

संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब तिथेच पायरीवर बसले, पेढ्यांवरच्या माश्या हाकलत. दार उघडलं तेव्हा ऊन कललं होतं.